हाताआडचा उजेड

सावळाराम लक्ष्मण हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’ या चित्रासमोर उभे राहिले की नजर आधी त्यातल्या तरुणीच्या उजळलेल्या मुखाकडे धावते. तिला खुशाल धावू द्यावे. पण मग आपण तिला हळूच खाली, हाताशी आणू. एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीला वाऱ्यापासून जपणारा. या दुसऱ्या हाताच्या बोटांवर जी तांबूस झळाळी आहे, ती रसिकाने जवळ जाऊन चाखावी अशी आहे. ज्योतीचा प्रकाश कातडीतून, रक्तातून पाझरत आपल्यापर्यंत येतो आणि येता येता लालसर, ऊबदार, जवळजवळ सजीव होतो.

हे सारे जलरंगात आहे, हे कळले की आपला आनंद चकित होतो. तैलरंगात चुकलेला भाग खरवडता येतो, उद्या पुन्हा रंगवता येतो. जलरंग कागदात मुरला की मुरला. शिवाय पारदर्शक जलरंगात उजेड लावायचा नसतो, राखायचा असतो. कागदाचा पांढरेपणा हाच तिथला प्रकाश. म्हणजे बोटांच्या कडेवरची सर्वांत तेजस्वी जागा कोणती, हे पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, टाकण्याआधीच ठरलेले हवे. समोर मॉडेल उभे असताना, वेळ सरत असताना, हा निर्णय आधी घेणे आणि शेवटपर्यंत निभावणे यातच मला या चित्राची खरी नजाकत दिसते. आणि मॉडेल तरी कोण? चित्रकाराची स्वतःची मुलगी, गीता.

जिवंत माणूस पुतळ्यासारखा उभा राहत नाही. उचललेला हात भरून येतो, खांदा नकळत उतरतो. विश्रांतीनंतर पोझ पुन्हा घेतली की पदराची चुणी कालच्या जागी नसते. त्यात हवेची लहर वेगळीच. आमच्या जालन्याच्या वैशाखात कुंचला पाण्यात बुडवून परत येईतो वॉशची कड वाळून बसते. मुंबईच्या दमट हवेत तीच कड रेंगाळते, आणि पुढचा थर देण्यासाठी चित्रकाराला, पर्यायाने मॉडेललाही, ताटकळावे लागते. (घाई आणि ताटकळणे या दोन्हींचा जाच एकाच माध्यमाने करावा, हा जलरंगाचा खट्याळपणाच!) ती ओढाताण या चित्रात शोधून सापडत नाही. हातात दिवा घेऊन उभे राहण्याचे कष्ट मनगटात कुठे दिसतात का, हे मी अनेकदा निरखून पाहिले. दिसते ती केवळ दिवा सांभाळण्याची हळुवार दक्षता.

आता साडीकडे वळू. तिचा फिकट जांभळा रंग निव्वळ आवडीचा वाटत नाही. पिवळा आणि जांभळा हे परस्परविरोधी रंग. शेजारी आले की दोघेही खुलतात. दिव्याचा पिवळसर उजेड त्या जांभळ्या छटेच्या सान्निध्यात अधिकच सोनेरी भासतो, आणि प्रकाशापासून दूर जाणाऱ्या घड्या मंद, शीतल, मग अंधाराशी एकजीव होत जातात. चेहऱ्यावरची ऊब आपल्याला जाणवते ती बरीचशी या शीतलतेच्या पुण्याईने. म्हणून एकदा चेहरा तळहाताने झाकून नुसती साडी पाहावी, मग हात काढावा. केवढा फरक पडतो!

१८८२ साली सावंतवाडीत जन्मलेल्या आणि १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था काढणाऱ्या या शिक्षक-चित्रकाराचे हे चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. रविवर्म्याची चित्रेही तिथेच असल्यामुळे अनेकजण हे त्याच्याच नावावर जमा करतात. चूक समजण्यासारखी आहे, पण माध्यमाकडे लक्ष गेले की ती टिकत नाही. रविवर्म्याची कीर्ती तैलरंगातली. त्याची वस्त्रे आणि दागिने रंगाच्या भरीव देहाने झगमगतात. हळदणकरांच्या तरुणीच्या बोटांवर मात्र सर्वांत उजळ ठिकाणी रंगाचा नाममात्र स्पर्श आहे आणि त्याखालून चमकतो आहे तो कागद.