धीर आणि रहस्य : ख्रिस्ती शास्त्रविचारातील दोन संज्ञा

ख्रिस्ती चिंतनपर वाङ्मयात धीराचा विचार नीतीच्या प्रकरणात येतो आणि रहस्याचा विचार शास्त्रार्थाच्या प्रकरणात. पहिला आचरणाचा विषय, दुसरा आकलनाचा, अशी ही विभागणी आहे. बायबलच्या मूळ भाषांतील प्रयोग तपासले असता मात्र या दोन संज्ञा एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. त्यांची फारकत भाषांतराच्या आणि उपदेशाच्या ओघात झाली, आणि या फारकतीमुळे धीर या कल्पनेचा अर्थ पुष्कळ संकुचित झाला.

नव्या करारात धीरासाठी प्रामुख्याने दोन ग्रीक शब्द येतात. ‘माक्रोथुमिया’ म्हणजे दीर्घकाळ न क्षोभणारे चित्त. हा शब्द मंदक्रोधी देवाच्या वर्णनात येणाऱ्या हिब्रू शब्दप्रयोगाच्या छायेत घडला असून तो बहुधा व्यक्तींच्या संबंधात योजला जातो. ‘हुपोमोने’ या दुसऱ्या शब्दाची घटना ‘खाली टिकून राहणे’ अशी असली, तरी जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, म्हणजे सेप्टुअजिंटमध्ये, तो अनेकदा आशा व प्रतीक्षा या अर्थांच्या हिब्रू शब्दांसाठी वापरलेला आहे. व्युत्पत्तीवरून धर्मविचार रचण्यातील धोका जेम्स बार यांनी १९६१ साली दाखवून दिला, आणि तो इशारा येथेही लागू आहे. म्हणून प्रस्तुत विवेचनाचा आधार शब्दाची घटना नसून त्याचा प्रयोग हा आहे. आणि प्रयोग असे सांगतो, की हुपोमोनेत सोसण्याइतकेच वाट पाहणेही आहे.

‘मुस्तेरिओन’ या शब्दाचीही गत अशीच आहे. ग्रीक जगात तो दीक्षितांच्या गुप्त विधींचा शब्द होता. परंतु दानीएलाच्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात तो अरामी ‘राझ’ या शब्दासाठी येतो, आणि तेथे रहस्य म्हणजे देवाने योजलेली व पुढे प्रकट होणारी घटना होय. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातही पूर्वीच्या पिढ्यांना न कळलेले रहस्य आता उघड झाले आहे, असेच प्रतिपादन आहे. बुद्धीला सदैव अगम्य असे काही, हा अर्थ येथे मुख्य नाही. रहस्यावर पडदा आहे तो काळाचा.

या दोन कल्पना हबक्कूकाच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्टपणे एकत्र येतात. दर्शनाला विलंब झाला तरी त्याची वाट पाहावी, अशी आज्ञा संदेष्ट्याला होते, आणि सेप्टुअजिंटने तेथे हुपोमोनेशी संबद्ध असलेले क्रियापदच योजले आहे. १९४७ साली कुमरान येथे सापडलेल्या हबक्कूकावरील भाष्यात याच वचनाचा अर्थ लावताना संदेष्ट्यांच्या शब्दांतील ‘राझ’ आणि लांबणारा अंतकाळ यांची सांगड घातलेली आढळते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात लेखक प्रथम वाचकांना हुपोमोनेची गरज सांगतो आणि लगेच हबक्कूकाच्या त्याच वचनाकडे वळतो. तात्पर्य, धीर ही येथे अद्याप न उलगडलेल्या वचनाशी टिकवून धरलेली निष्ठा आहे.

लॅटिन परंपरेत हा दुवा ढिला पडला. व्हल्गेटमध्ये हबक्कूकाच्या वचनासाठी अपेक्षेचे क्रियापद आले, इब्री पत्रात ‘पातिएन्तिया’ आला, आणि याकोबाच्या पत्रातील ईयोबाच्या धीराला तर ‘सोसणे’ या अर्थाचा वेगळाच शब्द मिळाला. मुस्तेरिओनसाठी काही ठिकाणी ‘साक्रामेन्तुम’ योजल्यामुळे रहस्य विधीकडे झुकले. धीरावरील लॅटिन प्रबंधांतही ही दिशा जाणवते. आपणच अधीरतेने ग्रस्त आहोत अशी कबुली देऊन टर्टुलियन धीराचा आदर्श देवाच्या ठायी शोधतो. सिप्रियनचा २५६ सालचा प्रबंध मंडळीतील वादाच्या वातावरणात लिहिलेला आहे. आणि ऑगस्टिन दुष्ट हेतूसाठी कष्ट सोसणाऱ्याला धैर्यवान म्हणण्यास नकार देतो. ऑगस्टिनचा हा विवेक मोलाचा आहे, कारण केवळ सोसणे हा गुण नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते. तथापि तिघांचाही मुख्य प्रश्न धीर कसा असावा हा आहे. शास्त्रवाचनात धीराचे कार्य काय, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहतो.

तो प्रश्न पोप ग्रेगरी पहिला याच्या लेखनात पुन्हा डोके वर काढतो. ईयोबावरील पस्तीस भागांचे त्याचे भाष्य रूपकांच्या अतिरेकामुळे आज जड वाटते. पण शास्त्रवचन वाचकाबरोबर वाढते, हा त्याने यहेज्केलावरील प्रवचनांत मांडलेला विचार महत्त्वाचा आहे. मार्काच्या चौथ्या अध्यायात पेरणाऱ्याला नकळत वाढणाऱ्या बीजाचा दृष्टांत आहे, आणि लूकाने पेरणाऱ्याच्या दृष्टांताचा अर्थ सांगताना फळ ‘हुपोमोनेत’ येते असे म्हटले आहे. दोन्ही ठिकाणी आध्यात्मिक वाढ म्हणजे संकल्पाच्या बळावर चढलेली पायरी नव्हे. ऐकलेल्या वचनाला मुळे धरण्यास लागणारा तो काळ आहे.

मराठी भाषांतरापुढील अडचण येथेच ध्यानात येते. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रचलित भाषांतराने हुपोमोनेसाठी ‘धीर’ योजला आहे, व ही निवड समर्पक आहे. मराठीत धीर धरला जातो, दिला जातो, सुटतो आणि खचतो. त्यात पुढच्या क्षणाची अपेक्षा सतत जागी असते. ‘सहनशीलता’ या शब्दात ती नाही. उलट ‘रहस्य’ हा शब्द एकांत व गुप्तता यांकडे ओढतो, आणि प्रकट होण्याची अपेक्षा त्यातून सहज व्यक्त होत नाही.

या अर्थभेदाचा परिणाम शब्दकोशापुरता राहत नाही. धीर म्हणजे सोसणे एवढेच मानले, की पीडिताला गप्प राहण्याचा उपदेश करणे सोपे जाते आणि त्यासाठी ईयोबाचे नाव पुढे केले जाते. पण ग्रंथातील ईयोब गप्प नाही. तो जन्मदिवसाला शाप देतो, मित्रांची समाधाने नाकारतो, देवाकडे जाब मागतो; आणि बेचाळिसाव्या अध्यायात देव दोष देतो तो मित्रांना, ईयोब मात्र यथार्थ बोलला असे म्हणतो. मित्रांजवळ दुःखाचे उत्तर तयार होते. ईयोबाजवळ ते नव्हते, तरीही त्याने प्रश्न सोडला नाही. याकोबाच्या पत्राने ज्याला ईयोबाची हुपोमोने म्हटले, ती याच आग्रहासह वाचली पाहिजे.