‘कोर्ट’ : उपेक्षित राहिलेला उपहास

मराठी चित्रपटाविषयी लिहिताना आपल्याकडे ‘विनोदी’ आणि ‘गंभीर’ असे दोनच कप्पे वापरण्याची सवय जडली आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) या सवयीमुळे दुसऱ्या कप्प्यात जाऊन पडला. व्हेनिसच्या महोत्सवात त्यास दोन पुरस्कार मिळाले, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले, ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणूनही तो गेला. अशा चित्रपटास उपेक्षित म्हणणे अनेकांना विचित्र वाटेल. परंतु प्रस्तुत लेखकाचे म्हणणे निराळे आहे. चित्रपटाचा गौरव झाला. त्यातील उपहास मात्र फारसा कोणी ओळखला नाही. न्यायव्यवस्थेचे वास्तव चित्रण एवढीच त्याची स्तुती होत राहिली.

कथानक थोडक्यात असे. नारायण कांबळे हे वृद्ध लोकशाहीर. मुंबईतील एका वस्तीत कार्यक्रम चालू असताना पोलिस त्यांना अटक करतात. वासुदेव पवार हा सफाई कामगार गटारात मृतावस्थेत सापडलेला असतो, आणि शाहिराचे गाणे ऐकूनच त्याने आत्महत्या केली असा आरोप ठेवला जातो. गाण्याने माणूस गटारात उतरून मरतो ही कल्पना मुळातच हास्यास्पद आहे. ताम्हाणे ती हास्यास्पद करून दाखवीत नाहीत. न्यायालय जितक्या गांभीर्याने ती ऐकते, तितक्याच गांभीर्याने कॅमेराही ती ऐकतो. सरकारी वकील १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्यातील तरतुदी एका सुरात वाचीत जातात. एका पक्षकार स्त्रीने बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून न्यायाधीश तिचे प्रकरण ऐकण्यास नकार देतात. कोणी ओरडत नाही, पार्श्वसंगीत उसळत नाही. प्रेक्षकाच्या ओठावर येणारे हसू तेथेच गोठते.

या पद्धतीची तुलना कुंदन शहा यांच्या ‘जाने भी दो यारो’शी (१९८३) करून पाहावी. तेथे प्रेतास द्रौपदी करून रंगमंचावर आणले जाते आणि महाभारताचा प्रयोग कोलमडतो. भ्रष्टाचाराचा उपहास धांदलीतून उभा राहतो. तो चित्रपटही प्रदर्शनाच्या वेळी फार चालला नव्हता, लोकांनी तो पुढे आपलासा केला. उमेश कुलकर्णी यांच्या ‘देऊळ’मध्ये (२०११) गावात रुग्णालय व्हावे ही योजना मागे पडते आणि दत्ताचे देऊळ उभे राहते, तेथील उपहास गावच्या बोलीत, चावडीवरच्या भाषेत आहे. दोन्ही चित्रपट मला प्रिय आहेत. तथापि दोहोंतही प्रेक्षकास कोठे हसावयाचे हे सांगितले जाते. ‘कोर्ट’ ते सांगत नाही. म्हणूनच तो अवघड आहे, आणि माझ्या मते अधिक धारदारही.

कथनाची रीत पाहा. कॅमेरा स्थिर, दृश्ये लांब. घटना संपली तरी चौकट हलत नाही. दिग्दर्शक खटला मध्येच सोडून माणसांच्या मागे घरी जातो. बचावाचे वकील विनय व्होरा (विवेक गोम्बर) सुखवस्तू, जॅझ ऐकणारे. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) लोकलमध्ये साडीच्या किमतीविषयी बोलतात आणि घरी जाऊन स्वयंपाक करतात. त्या खलनायिका नव्हेत. तुमच्याआमच्या ओळखीच्या कष्टाळू गृहिणी आहेत. याच बाई एके दिवशी कुटुंबासह मराठी नाटक पाहावयास जातात. परप्रांतीयांची टिंगल करणारे ते नाटक, आणि सारे नाट्यगृह खदखदा हसत आहे. संपूर्ण चित्रपटात मोकळे हास्य जर कोठे असेल तर ते येथे. दुबळ्याकडे बोट दाखवून हसणे म्हणजे विनोद अशी ज्या समाजाची समजूत आहे, त्या समाजास सत्तेकडे पाहून हसणारा शाहीर गुन्हेगार वाटतो, ही गोष्ट या एका दृश्यात सांगून झाली आहे. समीक्षकांपैकी अनेकांनी हे दृश्य पात्राच्या घरगुती तपशिलात जमा केले, याचे मला आजही नवल वाटते.

वास्तविक सत्तेकडे पाहून हसण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ नाटकात विदूषक प्रसंगांच्या मध्ये उभा राहून जोशाचे कावे उघडे करतो. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले होते. सत्यशोधक जलसे आणि भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे यांनीही हास्याचे हत्यार वापरले. नारायण कांबळे याच घराण्यातील. त्यांच्या गाण्यांना शब्द आणि चाल देणारे संभाजी भगत हेही त्याच वाटेने आलेले. भूमिका करणारे वीरा साथीदार हे नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक होते. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने त्यांचे निधन झाले.

चित्रपटाचा कणा मात्र शाहिरात नाही. तो मृत कामगाराच्या पत्नीच्या साक्षीत आहे. नवरा कोणत्याही साधनांशिवाय गटारात उतरत असे, वास सहन व्हावा म्हणून दारू पीत असे, एक डोळा गमावून बसला होता, हे ती सपाट आवाजात सांगते. ही भूमिका करणाऱ्या उषा बाणे यांचे पतीही हेच काम करीत होते. साक्षीनंतर ती वकिलाकडे पैसे मागत नाही, काही काम असल्यास सांगा म्हणते. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ चा कायदा आहे, २०१३ चाही आहे. गटारातील मृत्यूसाठी द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख केली. चित्रपटातील न्यायालय या माणसाच्या मृत्यूसाठी जबाबदार शोधते, आणि त्याला सापडते ते एक गाणे. याहून कडवा उपहास कोणत्या विडंबनकारास सुचला असता?

एक तक्रार नोंदवितो. कॅमेरा वकिलांच्या घरी जातो, न्यायाधीशांच्या सहलीलाही जातो. कांबळ्यांना आपण आरंभी मुलांना शिकविताना पाहतो, पुढे ते बहुतांशी आरोपीच्या जागी उभे असलेलेच दिसतात. ते कोणाबरोबर जेवतात, रात्री काय वाचतात, हे कळत नाही. दिग्दर्शकाने मुद्दामच हे अंतर राखले असे समर्थन करता येईल. मला ते पुरेसे पटत नाही. इतरांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचणाऱ्या कथेस शाहिराच्या चुलीपाशी बसावयास सवड मिळावयास हवी होती.

शेवटी उन्हाळी सुटी लागते. न्यायालय रिकामे होते, दिवे मालवले जातात, पडदा कितीतरी वेळ काळा राहतो. चित्रपट संपला असे समजून उठू नये. पुढे न्यायाधीश सदावर्ते सहलीस गेलेले दिसतात, आणि न बोलणाऱ्या मुलासाठी अंकशास्त्राचा व खड्याच्या अंगठीचा सल्ला देतात. कायद्याची कलमे वाचणारा आवाज आणि हा सल्ला देणारा आवाज अगदी एकच आहे.