सात नये पैसे

वृत्तपत्रस्वातंत्र्याची चर्चा निघाली की आपल्याकडची प्राध्यापक मंडळी पुण्याच्या ‘सकाळ’च्या खटल्याचा हवाला हमखास देतात. सर्वोच्च न्यायालयाचा २५ सप्टेंबर १९६१ चा हा निकाल स्वातंत्र्याची सनद म्हणून शिकवला जातो. मला तो तसा वाचता येत नाही.

मोठे भांडवलवाले मालक जाहिरातींच्या जोरावर पाने वाढवतात, अंक स्वस्त विकतात आणि त्यात लहान पत्रे चिरडली जातात, असे पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ साली सांगितले. त्यातून १९५६ चा किंमत-पृष्ठ कायदा आणि १९६० चा आदेश आला. ‘सकाळ’ आठवड्याच्या सहा दिवसांत ३४ पाने देई. अंकाची किंमत सात नये पैसे. आदेशाप्रमाणे या किमतीत २४ पानेच देता येत. म्हणजे पाने तरी कापा, नाहीतर किंमत तरी वाढवा. न्या. मुधोळकरांच्या निकालपत्राचा आशय असा : किंमत वाढली की खप घटतो, आणि खप हाही अभिव्यक्तीचाच भाग आहे. अनिष्ट स्पर्धा रोखण्याचे कारण धंद्याच्या स्वातंत्र्याला लावता येईल, अभिव्यक्तीच्या नाही. कायदा घटनाबाह्य ठरला.

घटनेच्या कलमांपुरते पाहिले तर हा तर्क खोडणे कठीण आहे. शिवाय ‘सकाळ’ हे काही गिरणीमालकाचे पत्र नव्हते. ते नानासाहेब परुळेकरांनी उभे केलेले मराठी दैनिक होते. मोठ्या माशांसाठी टाकलेल्या जाळ्यात ते सापडले. पण लहान पत्रांची बाजू पुढे आली तेव्हा न्यायालयाने दिलेले उत्तर मला अडवते. एकाचे स्वातंत्र्य छाटून दुसऱ्याचे वाढवता येणार नाही, असे ते उत्तर. दोघेही सारख्याच जमिनीवर उभे आहेत, हे यात गृहीत धरलेले आहे.

ती जमीन कशी होती, हे ‘मूकनायक’ला विचारावे. ३१ जानेवारी १९२० ला तो निघाला, त्यामागे शाहू महाराजांचे अडीच हजार रुपये होते. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला. हा नकार देताना ‘केसरी’ने कोणताही कायदा मोडला नव्हता. कोणी सेन्सॉर आडवा आला नव्हता. एका पत्राने आपले स्वातंत्र्य वापरले आणि दुसऱ्याचे तोंड तेवढ्यापुरते बंद झाले, एवढेच. पुढे १९२७ साली निघालेल्या ‘बहिष्कृत भारत’चा बराचसा मजकूर बाबासाहेब एकहाती लिहीत, तरी ते १९२९ मध्ये पैशाअभावी थांबले. जानेवारी १९४३ मध्ये त्याच पुण्यात रानड्यांवर बोलताना बाबासाहेबांनी पत्रकारितेचा धंदा झाल्याची तक्रार केली होती. ती अनुभवाची होती.

१९७२ च्या वृत्तपत्र-कागदाच्या खटल्यातही बहुमत मालकांकडेच गेले. एकटे न्या. मॅथ्यू वेगळे बोलले. अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य वाचणाऱ्या समाजाचेही आहे, नाना मते त्याच्यापर्यंत पोहोचली पाहिजेत, ही त्यांची भूमिका. आपल्या अभ्यासवर्गांत हा अल्पमताचा निकाल वाचला जात नाही, याचे मला नवल वाटते.

तेव्हा सरकारच्या हाती दोर द्यायचा का? मुळीच नाही. आणीबाणीत सेन्सॉर बसला, प्रेस कौन्सिलही गुंडाळले गेले, हे आपण पाहिले आहे. २०२३ च्या नियमांतील सरकारी तथ्य-तपासणी कक्ष मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द ठरवला, याचे मी स्वागतच करतो. पण काय छापायचे हे ठरवणारा अंकुश वेगळा आणि एका माणसाच्या हाती किती पत्रे, किती वाहिन्या असाव्यात हे ठरवणारी मर्यादा वेगळी. मालक मंडळी मुद्दाम दोन्हींची गल्लत करतात. आपले काही कार्यकर्तेही त्या आरोळीत सूर मिसळतात, ते मात्र मला कळत नाही. २००६ मध्ये दिल्लीतील ३७ हिंदी-इंग्रजी माध्यमांच्या पाहणीत निर्णयाच्या जागांवरील ३१५ जणांत दलित किंवा आदिवासी एकही सापडला नाही. ही दारे कोणत्या सेन्सॉरने बंद केली होती?

२०१४ साली नेटवर्क १८ रिलायन्सकडे गेले, २०२२ अखेर एनडीटीव्ही अदानींकडे. त्याच २०१४ च्या ऑगस्टमध्ये ट्रायने माध्यम-मालकीवर मर्यादा घालण्याची शिफारस केली. भाषा आणि राज्य यांनुसार बाजारपेठ ठरवून तीत कोणाचे किती वर्चस्व आहे ते मोजावे, असे तिने सुचवले. म्हणजे मराठी बातमी किती जणांच्या मुठीत आहे, याचा हिशेब झाला असता. तसा कायदा झाला नाही. उद्या झालाच, तर त्याला आव्हान देणारे १९६१ चा निकाल घेऊनच न्यायालयात जातील. त्या खटल्यात वाचकांच्याही याचिका होत्या, पण त्या मालकाच्या बाजूच्या होत्या. पुढच्या खटल्यात दुसऱ्या बाजूने याचिका लिहायची असेल, तर तिचा मसुदा आपल्या वकील मित्रांनी आताच हाती घ्यावा.