‘मिळून आले’ : आघात, कर्मचारी आणि कार्यालयीन मराठी

पोलिसी मराठीत एक क्रियापद आहे : ‘मिळून येणे’. ‘सदर ठिकाणी मयताचे प्रेत मिळून आले.’ बोलताना आपण ‘सापडले’ म्हणतो, आणि ‘कोणाला सापडले?’ हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या तोंडी आपोआप येतो. ‘मिळून आले’ म्हटले की तो प्रश्नच मिटतो. प्रेत जणू आपल्या पायांनी कागदावर चालत आले. ज्याने माती उपसली, ज्याच्या हाताला प्रथम केस लागले, ज्याने ते उचलून चादरीत ठेवले, त्याला या वाक्यात उभे राहावयास जागा नाही.

कामावर असताना ज्याच्या मनावर आघात झाला अशा कर्मचाऱ्यास आधार कसा द्यावा, याविषयी अलीकडे बरेच बोलले जाते. ते बोलणारे बहुधा मानसशास्त्राचे किंवा व्यवस्थापनाचे अभ्यासक असतात. भाषेच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे कारण इतकेच की आधार देण्यापूर्वी माणूस ओळखावा लागतो, आणि कार्यालये माणसास शब्दांनी ओळखतात. ते शब्द येथे तपासावयाचे आहेत.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकरवाडीवर डोंगर कोसळला. मी राहतो ते कळंब माथेरानच्या डोंगराच्या या अंगास, आणि इर्शाळगड त्या डोंगराच्या दक्षिणेस. पाऊस दोन्हीकडे एकच होता. वाडीस गाडीरस्ता नव्हता. पायवाटेने चढून जावयाचे, आणि वर यंत्रे नेता येत नाहीत म्हणून कुदळी-फावड्यांनी व हातांनी खणावयाचे, अशा स्थितीत राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान, अग्निशमन व पोलीस खात्यांतील माणसे, महसूल व आरोग्य विभागांचे कर्मचारी आणि आसपासचे गिर्यारोहक तरुण तेथे राबले. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एक अधिकारी तो चढ चढतानाच हृदयविकाराच्या झटक्याने मरण पावले. २३ जुलै रोजी ‘शोधकार्य थांबविण्यात आले’. तोवर २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती.

‘थांबविण्यात आले’ याही प्रयोगाकडे पाहावे. निर्णय शासनाचा होता, आणि कदाचित तोच योग्य होता. कुजलेले देह, पुन्हा दरड येण्याचा धोका आणि रोगराईचे भय ही कारणे खोटी नव्हती. परंतु फावडे प्रत्यक्षात खाली ठेवले ते कोणा एकाच्या हाताने. पायाखाली सत्तावन्न माणसे आहेत हे ठाऊक असताना डोंगर उतरून घरी जाणे, हा त्या हाताच्या वाट्यास आलेला अनुभव आहे. त्यास आपल्या प्रशासकीय भाषेत नाव नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. माझा आक्षेप पंचनाम्यावर नाही. अकस्मात मृत्यूचा पंचनामा पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतो. त्याचे काम मरणाचे दिसणारे कारण नोंदविण्याचे आहे, उचलणाऱ्याच्या मनाची विचारपूस करण्याचे नव्हे. कर्त्याचा लोप ही तेथे शिस्त आहे. दोष असा की घटनेनंतर जे अन्य कागद तयार होतात (अहवाल, हजेरीपट, नुकसानीचा तक्ता, भत्त्याचे बिल) ते सारे पंचनाम्याचेच व्याकरण उसने घेतात. कर्त्याचे नाव परत येते ते एकदाच, चूक कोणाची हे ठरविण्याची वेळ आली म्हणजे.

आता ‘आघात’ या शब्दाकडे वळू. आम्हा भाषाभ्यासकांना हा शब्द घरचा. शब्दातील एखाद्या अक्षरावर पडणारे बळ म्हणजे आघात. वैद्याच्या ‘पक्षाघाता’तही तो आहे. मानसशास्त्रीय अर्थाने मात्र तो पुस्तकांतच राहिला. द्रुतगती मार्गालगत राहणाऱ्या खालापूरकरास ‘ट्रॉमा’ हा शब्द आघातापेक्षा अधिक ओळखीचा आहे, पण त्याचा अर्थ तो मोडलेली हाडे असा करतो, कारण ‘ट्रॉमा सेंटर’ हाडे सांधण्याचे ठिकाण आहे. मूळ ग्रीक अर्थही ‘जखम’ असाच. ती जखम शरीरावरून मनावर कशी गेली याचा इतिहास आपल्या विषयास फार जवळचा आहे, आणि तो रेल्वेपासून सुरू होतो. आगगाडीच्या अपघातातून वरकरणी धड सुटलेले प्रवासी पुढे महिनोन्महिने झोपेविना, भयाने कापत का राहतात, याची चर्चा जॉन एरिक एरिक्सन या लंडनच्या शल्यविशारदाने १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत केली. त्याला कारण पाठीच्या कण्यात आहे असे वाटत होते. पुढे १८८९ साली हेर्मान ओपेनहाइम या जर्मन वैद्याने ‘आघातजन्य मज्जाविकार’ ही संज्ञा मांडली, ती मुख्यतः कारखान्यांतील व रेल्वेतील अपघातग्रस्त कामगारांना तपासून. त्याच्या पाच वर्षे आधी जर्मनीत अपघात-विम्याचा कायदा झालेला होता आणि भरपाईचा हक्क कोणास, हा वाद चालू होता. ओपेनहाइमचे म्हणणे तेथे प्रथम मान्य झाले; १९२६ मध्ये ते पुन्हा अमान्य ठरले, कारण दरम्यान वैद्यांचा एक मोठा वर्ग असे मानू लागला की ही माणसे निवृत्तिवेतनाच्या आशेने आजारी पडतात. सोंग की दुखणे, हा संशय या संकल्पनेबरोबरच जन्मला आणि तो आजही आपल्या आस्थापना-शाखेत टेबलामागे बसलेला आढळतो.

एरिक्सनच्या व्याख्यानांपूर्वी तीनच वर्षे, १८६३ मध्ये, कर्जतहून वर जाणारा बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला होता. तो बांधताना पटकीने, सुरुंगाने आणि कड्यांवरून पडून हजारो मजूर गेले. त्यांच्या शेजारी काम करून जे जगले त्यांच्या झोपेविषयी कोणी व्याख्यान दिले नाही.

मराठीस या अनुभवासाठी शब्द नाहीत असे मात्र कोणी समजू नये. शब्द विपुल आहेत. प्रश्न त्यांच्या रचनेचा आहे. ‘त्याला धक्का बसला’ या वाक्यात अनुभवणारा चतुर्थीत आहे. धक्का बाहेरून येतो, तो त्याच्यावर बसतो. ‘त्याला भीती वाटते’, ‘त्याला स्वप्ने पडतात’ या वाक्यांची ठेवणही तीच. पण काही दिवस लोटले आणि माणूस सावरला नाही की आपण रचना बदलतो : ‘त्याने धसका घेतला’, ‘त्याने हाय खाल्ली’. येथे अनुभवणारा तृतीयेत जाऊन कर्ता झाला. धसका घेणारा तो, हाय खाणारा तो. म्हणजे न घेणे, न खाणे त्याच्या हाती होते, असा अध्याहृत निवाडा क्रियापदाने दिलाच. धक्क्यापासून धसक्यापर्यंतचा हा प्रवास महिन्या-दीड महिन्याचा असतो, आणि कार्यालयाची सहानुभूतीही साधारण तितकीच टिकते. व्याकरणामुळे माणसे निर्दय होतात असे मला म्हणावयाचे नाही, कारण भाषा विचारास जखडून ठेवते हे मत मी मानीत नाही. परंतु निवाडा आधीच तयार असलेली वाक्ये हाताशी असली की विचार करण्याचे कष्ट वाचतात, एवढे खास.

याच्या उलट कळंबच्या आसपासच्या वाड्यांतील बोलणे पाहावे. रात्री ओरडत उठणाऱ्या, जेवण टाकलेल्या माणसाविषयी तेथे ‘त्याला बाहेरचं झालं’ असे म्हणतात. भगताकडे नेतात, आणि त्यात औषधोपचारास उशीर होतो ही हानी खरीच आहे. तिचे समर्थन मी करणार नाही. पण वाक्य तेवढे ध्यानात घ्यावे. कारण बाहेर आहे. माणूस दुबळा ठरत नाही, आणि त्याला एकटे ठेवावयाचे नाही हे सर्वांनी गृहीत धरलेले असते. सुशिक्षित कार्यालय मात्र त्याच माणसास ‘मनोधैर्य खचलेला’ म्हणते. धैर्य त्याचे, म्हणून खचण्याचा दोषही त्याचाच. वाडीचे निदान चुकीचे, कार्यालयाचे शास्त्रीय. तरी दोषाची जागा वाडीने अधिक अचूक सांगितली, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

कायद्याची भाषाही या बाबतीत ‘बाहेर’ आणि ‘आत’ यांच्यामध्ये घुटमळते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याची कसोटी अशी होती की इजा अपघाताने, कामातून उद्भवलेली आणि काम चालू असताना झालेली असावी. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, तीच कसोटी पुढे चालविली आहे. कामाच्या ताणाने आलेला हृदयविकाराचा झटका न्यायालयांनी काही प्रकरणांत अपघातात धरला आहे. म्हणजे आघाताने हृदय बंद पडले तर ती इजा. मन बंद पडले तर? संहितेच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक रोगांची यादी आहे. तीत शिसे आहे, पारा आहे, सिलिकोसिस आहे, गोंगाटाने येणारे बहिरेपण आहे. एकही मनोविकार नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० मध्ये सुधारलेल्या आपल्या यादीत आघातोत्तर तणावविकार नाव घेऊन घातला आहे. त्या यादीचे व आपल्या परिशिष्टाचे शेजारी-शेजारी वाचन पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अवश्य करावे.

‘कर्मचारी’ हा शब्दही जपून वापरावा लागतो. आपत्तीच्या ठिकाणी प्रथम पोचणाऱ्यांत बहुधा गावची आशा, अंगणवाडीताई व पोलीस पाटील असतात. मृतांना तीच माणसे ओळखतात, कारण बाळंतपणापासून त्यांना त्यांनीच पाहिलेले असते. यांतील आशा ही ‘स्वयंसेविका’, तिला ‘मोबदला’. अंगणवाडीताई ‘सेविका’, तिला ‘मानधन’. पोलीस पाटलासही ‘मानधन’च. वेतन असेल तर रजा असते, रजा असेल तर आजारपण असते. ज्यास मानधन मिळते त्याला मान मिळतो, आजारी पडण्याची सोय मिळत नाही. अंगणवाडी सेविकांना उपदान देय आहे हे सर्वोच्च न्यायालयास २०२२ मध्ये सांगावे लागले, यावरून शब्दांची ही विभागणी किती खोल रुजली आहे ते दिसते.

आणि ज्यांचे कर्मचारीपण निर्विवाद आहे त्यांचे काय? नेरळहून मुंबईस जाणाऱ्या आम्हा लोकांची गाडी अधूनमधून मध्येच थांबते. डब्यात कोणीतरी म्हणते, ‘गाडीखाली कोणी आलं वाटतं,’ आणि सगळे घड्याळे पाहतात. मीही पाहिले आहे. मुंबई उपनगरी मार्गांवर २०२४ पर्यंतच्या बहुतेक वर्षांत रूळ ओलांडताना, गाडीतून पडून व अन्य कारणांनी दरसाल दोन हजारांहून अधिक माणसे मेली. रूळ ओलांडणाऱ्याला समोरून पाहणारा एकच माणूस असतो, मोटरमन. लावलेला ब्रेक पुरा पडणार नाही, हे त्या क्षणी त्याला कळलेले असते. डब्यातील वाक्यात ‘गाडीखाली’ येते. त्याच्या वाक्यात ‘माझ्या गाडीखाली’. हा षष्ठीचा एक शब्द तो घरी घेऊन जातो. नोंदीत तो नसतो.

शेवटी उपायाची भाषा. घटनेनंतर ‘समुपदेशन करण्यात आले’ हे वाक्य आता वृत्तपत्रांत रुळले आहे. ‘उपदेश’ या शब्दास मराठीत जो वास आहे तो ‘सम्’ जोडल्याने जात नाही. समुपदेशक सांगणार आणि कर्मचारी ऐकणार, अशी बैठक शब्दातच मांडली गेली आहे. शास्त्राचा अनुभव उलट आहे. प्रसंगानंतर सर्वांना लगेच एकत्र बसवून घडलेले सारे बोलून घ्यावयाचे, अशी एक पद्धत १९८३ पासून अग्निशामक व रुग्णवाहिका-कर्मचाऱ्यांसाठी फार प्रसार पावली होती. पुढील चाचण्यांतून असे दिसले की अशा एकाच बैठकीने पुढचा विकार टळत नाही, काहींना तर अपायच होतो. जागतिक आरोग्य संघटनेने तिच्याविरुद्ध स्पष्ट शिफारस केली. २०११ मध्ये याच संघटनेने सहयोगी संस्थांसह मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली तिचा गाभा तीन साध्या क्रियापदांत मावतो : पाहणे, ऐकणे, जोडून देणे. माणूस सुरक्षित आहे का, भुकेला आहे का हे पाहावयाचे. तो बोलला तर ऐकावयाचे, बोलता करावयाचे नाही. आणि घर, रजा, डॉक्टर यांच्याशी त्याची गाठ घालून द्यावयाची. महिना उलटूनही झोप व काम सावरले नाही तर तज्ज्ञाकडे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही सेवा आहे. पण फोन करण्याची सारी जबाबदारी पुन्हा त्या माणसावरच टाकली तर ‘जोडून देणे’ झाले असे म्हणता येणार नाही. ते वरिष्ठाचे काम आहे, आणि २०२२ च्या कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांतही या संघटनेने वरिष्ठांच्या प्रशिक्षणावर भर दिला आहे.

यासाठी नवा संस्कृत शब्द घडविण्याची गरज मला दिसत नाही. घरात मृत्यू झाला की शेजारची बाई रात्री ‘सोबतीला’ जाते. ती उपदेश करीत नाही. चहा करते, दार लावते, दिवा ठेवते, पहाटे उठून आपल्या घरी जाते. ‘सोबत’ हा शब्द परिभाषेत घ्यावा, आणि त्यासोबत रजेचा दिवस, बदली माणूस व पगार हे तिन्ही लिहून ठेवावे, अशी सूचना मी एका कार्यालयीन परिभाषेच्या बैठकीत केली होती. तेथील एका अनुभवी गृहस्थांनी सौजन्याने लक्षात आणून दिले की कार्यालयीन मराठीत ‘सोबत’ हा शब्द यापूर्वीच वापरात आहे : पत्राच्या तळाशी, डावीकडे, जोडलेल्या कागदांच्या संख्येसह.