जागे होणे आणि जागे करणे

पुस्तकाचे नाव ही पुष्कळदा केवळ ओळखीची खूण असते. ते बदलले तरी आतल्या मजकुरास बाध येत नाही. परंतु काही थोड्या पुस्तकांच्या नावातच त्यांचा सिद्धान्त साठविलेला असतो. श्रीमती गोदावरी परुळेकर ह्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे अशांपैकी एक होय. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९७२ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळविलेल्या ह्या पुस्तकाची स्तुती मराठी वाचकांनी भरपूर केली आहे. पण ती करताना नावातील क्रियापदाकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. माणूस जागा ‘होतो’ असे लेखिका म्हणतात. त्याला कोणी जागा ‘केला’ असे म्हणत नाहीत. उलट आपण सुशिक्षित वाचक हे पुस्तक मिटताना बहुधा असेच म्हणतो की, पुण्याच्या एका वकिलाच्या कन्येने, कायद्याची पदवी घेतलेल्या विदुषीने, रानात जाऊन अडाणी वारल्यांस जागे केले. ह्या दोन वाक्यांत जे अंतर आहे, त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

पुस्तकाचा विषय पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील डोंगर-जंगलांचा मुलूख हा आहे. तेव्हाचा उंबरगाव तालुका १९६० साली दोन राज्यांत विभागला गेला. त्यातील तलासरीकडचा भाग महाराष्ट्रात राहिला आणि २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. ह्या मुलखात जमीन सावकाराची, जंगल सरकारचे आणि ठेकेदाराचे, आणि अंगमेहनत मात्र वारल्याची अशी वाटणी होती. जमीनदाराच्या घरी आणि शेतावर फुकट राबावे लागे, ती वेठ. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायको दोघांनी वर्षानुवर्षे धनकोच्या दारी राबावयाचे, ते लग्नगडी. ही स्थिती सरकारास ठाऊक नव्हती असे नाही. सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने १९३९ च्या आपल्या अहवालात वेठ आणि लग्नगड्यांची गुलामगिरी ह्यांची नोंद केलेली आहे. पण अहवाल वाचून साहेब हळहळतो, आणि अहवाल कपाटात जातो. दुःखाची नोंद होणे निराळे आणि दुःख भोगणाऱ्याने ते चार लोकांत उभे राहून सांगणे निराळे.

हे दुसरे कृत्य ज्याने केले, तो झरी गावचा माह्या धांगडा. १९४५ च्या जानेवारीत किसान सभेची परिषद कल्याण तालुक्यात तितवाळा येथे भरली होती. उंबरगाव तालुक्यातून जे थोडे वारली तेथे आले, त्यांत हा होता. झरी आणि तितवाळा ही गावे एकमेकांपासून फार दूर. ज्याला मालकाच्या हुकुमावाचून आपल्या दिवसाचे काय करावयाचे हे ठरविता येत नाही, त्याने घर सोडून इतक्या लांब, अनोळखी लोकांच्या सभेला यावे, आणि तेथे आपल्या लोकांच्या वेठीची कहाणी तोंडाने सांगावी, ह्याला काय म्हणावे? झोपलेला माणूस तितवाळ्यास येत नाही. तो जागा होता म्हणूनच आला. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, परुळेकर पतिपत्नींचे झरीस जाणे हे ह्या भेटीनंतरचे आहे. हाक आधी आली. साद मागाहून गेली.

हा क्रम लेखिकेने लपविलेला नाही, हा ह्या पुस्तकाचा पहिला मोठा गुण. आत्मवृत्त लिहिणाऱ्या पुढाऱ्यास पहिले पाऊल आपले होते असे म्हणण्याचा मोह सहज होतो. येथे पहिले पाऊल एका डोंगराळ गावच्या निरक्षर शेतकऱ्याचे आहे, हे पुस्तक सरळ सांगते. पुढे २३ मे १९४५ रोजी झरी येथेच सुमारे पाच हजार वारल्यांची परिषद भरली. वेठ करावयाची नाही, आणि दिवसाला बारा आण्यांहून कमी मजुरीवर राबावयाचे नाही, असे तेथे ठरले. निर्णय इतका साधा की तो स्मरणात ठेवण्यास कागद लागू नये. त्यानंतर जे घडले ते पुस्तकाचे हृदय आहे. पुढाऱ्यांची वाट न पाहता लोक लाल बावटा घेऊन पाड्यापाड्यांतून निघाले, आणि पिढ्यानुपिढ्या अडकलेले लग्नगडी त्यांनी जमीनदारांच्या दारांतून सोडवून आणले. ही पाने वाचताना लेखिका स्वतःच थक्क झाल्यासारख्या वाटतात, आणि त्या विस्मयातच त्यांची सर्वोत्तम शैली प्रकट होते. वाक्ये आखूड होतात, विशेषणे गळून पडतात, आणि लेखणी घटनेच्या मागे धावू लागते.

ह्याची दुसरी कसोटी लवकरच लागली. गवतकापणीच्या मजुरीसाठी संप चालू असताना, १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडे येथे खोट्या आवईने जमविलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे प्राणास मुकले. परुळेकरांस जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. चळवळ जर केवळ बाहेरून आलेल्यांच्या बळावर उभी असती, तर ती येथेच संपावयास हवी होती. ती संपली नाही. पुढच्याच वर्षी जंगलकामाच्या मजुरीसाठी पुन्हा संप झाला. नेत्याच्या गैरहजेरीत जे टिकते तेच लोकांचे असते, हे सत्य हे पुस्तक व्याख्यान न देता पटवून देते.

आता दोष. माह्या धांगडा तितवाळ्यास आला हे आपणांस कळते. पण निघण्यापूर्वीच्या रात्री त्याने घरात काय सांगितले, कोणी त्याला अडविले, सावकाराच्या भीतीशी तो कसा झगडला, हे कळण्याची तृषा भागत नाही. व्यक्ती म्हणून समोर आलेला माणूस लौकरच समूहात मिसळून जातो. समूहाचे चित्र भव्य आहे, परंतु निश्चय हा नेहमी एकेका माणसाच्या मनात जन्म घेतो; हजारोंचा निर्धार म्हणजे हजार वेळा घेतलेला एकेकट्याचा निर्धार होय. कोणी म्हणेल की, हा चळवळीचा वृत्तान्त आहे, कादंबरी नव्हे; आणि जे आपण पाहिले नाही ते कल्पनेने रंगविण्यापेक्षा गप्प बसणे लेखिकेने पत्करले, हा दोष नसून संयम आहे. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही ज्या भाषेतील माणूस जागा झाला त्या भाषेत हे पुस्तक लिहिले गेले नाही, ही उणीव राहतेच; आणि ती भरून काढणे लेखिकेच्या हाती नव्हते. ते काम वारली लेखकाचे आहे.

ह्याच मुलखातील दुसरे एक उदाहरण येथे आठवते. त्याच १९४५ साली श्रीमती ताराबाई मोडक ह्यांनी बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे कार्य आरंभिले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि श्रीमती अनुताई वाघ ह्यांनी ते आयुष्यभर चालविले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच पाड्यावर, अंगणात आणि गुरे चरतात त्या कुरणात नेण्यात आली. राजकारणाच्या दृष्टीने हे दोन मार्ग भिन्न. पण एक गोष्ट दोहोंस समान आहे. जेथे बाहेरून आलेल्याने आधी पाहिले, ऐकले आणि मग पाऊल टाकले, तेथे काम रुजले. ह्याचा अर्थ सुशिक्षितांच्या साहाय्याची गरज नाही असा नव्हे. माह्याच्या हाकेला कोणी ओ दिलीच नसती, तर ती रानातच विरली असती. परंतु ओ देणाराने स्वतःस हाक समजू नये.

आज तितवाळा हे कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. चतुर्थीस ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील कितीतरी कुटुंबे गाडीने गणपतीच्या दर्शनास तेथे जातात. पुस्तकांच्या कपाटात परुळेकरबाईंचा ग्रंथ असलेलीही घरे त्यांत असतील. त्यांतल्या किती जणांच्या मनात येते की, ह्याच गावी एके दिवशी डोंगरातला एक वारली उभा राहिला होता, आणि आपल्या आवडत्या पुस्तकाचे पहिले वाक्य खरे पाहता त्याने उच्चारले होते? हे ध्यानात ठेवून जो वाचक ‘जेव्हा माणूस जागा होतो’ पुन्हा हाती घेईल, त्याचा लेखिकेविषयीचा आदर तिळमात्र कमी होणार नाही, उलट वाढेलच. कारण ज्या नावाने आपल्याकडे श्रेय घेतले नाही, असे नाव पुस्तकास देणे हे त्यांनाच सुचले.