फिरंगेवर नाव कुणाचे?

नागपूरकर भोसल्यांपैकी पहिल्या रघूजींची तलवार राज्य शासनाने लंडनच्या लिलावात ४७ लाख १५ हजारांना घेतली आणि ऑगस्ट २०२५मध्ये ती मुंबईत आली. पात्याच्या पाठीवर सोन्यात लेख आहे : ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’. यातला शेवटचा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फिरंग म्हणजे पाते युरोपात घडलेले, मूठ आणि जडणघडण इथली. मालकाने ही गोष्ट लपवली नाही, सोन्यात लिहिली. आपणच ती वाचताना अवघडतो.

ठाणे-डोंबिवली परिसरातली शस्त्रप्रदर्शने मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. पाटीवर तलवार कुणाची, कुठल्या लढाईतली, एवढेच असते. मराठीतले शस्त्रांवरचे बहुतेक लेखनही याच पाटीचा विस्तार आहे. पोलाद कुठले, पाणी कुणी दिले, धार कुणी काढली, मूठ कुणी बसवली, हे प्रश्नच त्यात उठत नाहीत. ‘मराठा तलवार’ म्हणताना आपण मालकाची जात-कुळी सांगतो, तलवारीची नव्हे.

जपानी तलवारीत मुठीच्या आत जाणाऱ्या भागावर लोहार स्वतःचे नाव कोरतो. त्यामुळे बिझेन, यामाशिरो, यामातो, सोशू, मिनो अशा प्रांतांवरून घराणी ओळखता येतात. १८७६मध्ये तिथे तलवार बाळगायला बंदी आली; आपल्याकडचा शस्त्र कायदा १८७८चा. दोन वर्षांचा फरक, पण पुढची वाट अगदी वेगळी. तिथे आज परवानाधारक लोहाराकडे किमान पाच वर्षे उमेदवारी करावी लागते, आणि परवाना मिळाल्यावरही महिन्याला लांब तलवारी दोनच घडवता येतात. तामाहागाने हे पारंपरिक पोलाद मिळावे म्हणून १९७७मध्ये शिमाने प्रांतात जुन्या पद्धतीची मातीची भट्टी पुन्हा पेटवली गेली.

तरी ‘प्रादेशिक परंपरा’ या शब्दाने हुरळून जाऊ नये. गास्सान घराण्याचे नाव उत्तरेतल्या देवा प्रांतातल्या डोंगराचे, पात्यावर लाटांसारखी वळणे ही त्याची खूण. ते एकोणिसाव्या शतकात ओसाकाला आले, आज त्याची भट्टी नारा प्रांतात आहे. गास्सान सादाइची यांना १९७१मध्ये ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान मिळाला तो गाव न सोडल्याबद्दल नव्हे. गाव सुटले, हात सुटला नाही.

मग पाते बाहेरचे म्हणून फिरंग कमअस्सल ठरते का? मला तसे वाटत नाही. पोर्तुगीजांकडून १७३७मध्ये ठाणे आणि १७३९मध्ये वसई घेणाऱ्या माणसांना युरोपीय पात्याचे वावडे नव्हते. पाते पारखून घेणे, हाताला तोल साधेल अशी मूठ बसवणे, हे कसबच होते. पण ते कसब ज्यांचे, त्या शिकलगारांचे आज आपल्याकडे आडनाव उरले आहे.

लोखंड गाळणाऱ्यांचे तर तेवढेही नाही. महाबळेश्वरच्या रानात धावड लोक दगडातून लोखंड गाळत. कोळशासाठी लाकूड लागे; इंग्रजांनी जंगल राखीव केले, विलायती लोखंड स्वस्तात आले आणि भट्ट्या विझल्या. सातारा गॅझेटिअरात त्यांच्याविषयी मजकूर आहे. शस्त्रांवरच्या आपल्या पुस्तकांत त्यांना कधी परिशिष्टही मिळालेले माझ्या पाहण्यात नाही.

मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत कोयते, कुऱ्हाडी आजही विकायला येतात. घिसाड्यांच्या पालापुढे पुरुष तापलेला तुकडा सांडशीत धरतो, बाई घण मारते. तुकडा बहुधा ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा. धारेला पाणी द्यायची वेळ तो लोखंडाच्या रंगावरून ठरवतो. जपानी लोहारही त्यासाठी भट्टीभोवती अंधार करून घेतो, रंग नीट दिसावा म्हणून. या माणसांच्या बोलीत पाण्याला, रंगाला, चुकलेल्या धारेला कोणते शब्द आहेत, हे कुणीतरी वही घेऊन बसून लिहून घ्यायला हवे. त्यांची पुढची पिढी वेल्डिंगच्या दुकानात जाऊ लागली आहे.