निसर्गचित्रण, प्रत्यक्षस्थलीय
ग्रामीण परिसरात उघड्यावर बसून समोरील दृश्य, बहुधा जलरंगांत, रंगविण्याची पद्धती. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतून (स्थापना १८५७) ती महाराष्ट्रात रुजली. आबालाल रहिमान (मृ. १९३१) यांनी कोल्हापूरच्या कोटितीर्थ तलावाची वारंवार केलेली चित्रे तिचा आदर्श होत : स्थळ तेच, प्रकाश मात्र दरवेळी नवा. लोहमार्ग १८५४ मध्ये कल्याणला पोहोचला. कालांतराने ठाणे, डोंबिवली व कल्याणभोवतीची शेते वस्तीखाली गेली. परिणामी तेथील चित्रकार कौलारू घरांच्या शोधात मुरबाड-शहापूरकडे वळतो. अशा वेळी खेडे हा स्मरणरंजनाचा ठराविक साचा बनण्याचा संभव असतो. उल्हास नदीच्या खाडीकाठची भरावाखाली जाणारी खाजणे वगळणारे चित्र रम्य असले, तरी अपुरे ठरते. आबालालांची एका स्थळावरील निष्ठा अशा बदलत्या स्थळाबाबतही अपेक्षित आहे.